कुणी कुणाच्या पायात येत नाही

कचेरीत त्याला सगळे वाटाड्या म्हणत. तोंडावर म्हणत, त्या अर्थी प्रेमानंच म्हणत असणार, असं तो धरून चालला होता. त्याची कंपनी इस्पितळांचे, कारखान्यांचे आणि मोठमोठ्या स्वयंपाकघरांचे नकाशे करायची. भिंती कुठे उभ्या करायच्या ते दुसरे ठरवत. त्या भिंतींमधून कुणी कुठून चालायचं ते हा ठरवायचा. मळक्या चादरींची गाडी आणि रुग्णाच्या जेवणाची गाडी यांनी जन्मात एकमेकींचं तोंड पाहता कामा नये, ही त्याची विद्या. एकीची वाट तो लाल पेन्सिलीनं काढी, दुसरीची निळ्या. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतील तिथे बारीकसं वर्तुळ. मग ते वर्तुळ नाहीसं होईपर्यंत दारं, जिने, बोळ इकडचे तिकडे. कागदावर एकही वर्तुळ उरलं नाही की पेन्सिल कानामागे खोचून तो चहाला जायचा.

एवढ्या विद्येचा माणूस घरी मात्र दोन खोल्यांत राहत होता आणि रोज सकाळी सासूच्या कोपराचा प्रसाद खात होता.

खोल्या दोन, माणसं चार, बेसिन एक. ते स्वयंपाकघर आणि मोरी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत. त्याच्यावर कोपरा उडालेला आरसा. चार ब्रश एकाच पेल्यात, आणि त्या पेल्याशी जायला चार माणसं एकाच वेळी उठलेली. बायकोला डब्याची घाई, मुलीला कॉलेजची, त्याला कचेरीची. सासूबाईंना कसलीच घाई नव्हती, पण रांगेत मागे राहणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्या ‘आठ दिवस राहते’ म्हणून आल्या तेव्हा मुलगी रांगत होती. लहानपणी चणीनं छोटी म्हणून तिला बुटकी म्हणायला लागले. आता ती बापापेक्षा वीतभर उंच झाली होती, तरी नाव बदलायचं राहून गेलं होतं. सासूबाईंचे आठ दिवसही संपायचे राहून गेले होते.

“जावईबापू, जरा आटपा. दात आहेत, भांडी नाहीत.”

“बाबा, सरक ना. आरसा काय तुझ्या एकट्याचा आहे?”

“अहो, गॅसवर दूध आहे, मला आधी हात धुऊ द्या!”

या गर्दीत, तोंडात फेस आणि पाठीत कोपर अशा अवस्थेत, बुटकी त्याला काय काय सांगायची. गणितात नापास झाल्याचं तिनं इथेच सांगितलं. शेजारच्यांच्या गाडीवर ओरखडा कुणी काढला तेही इथेच. कुणीतरी एक आवडायला लागला होता तो, आणि महिन्याभरात नावडायला लागला तोही. आरशात बघत, ब्रश गालात धरून, अर्धंमुर्धं. तो “हं” म्हणायचा, “हंहं” म्हणायचा, आणि चूळ भरेपर्यंत ती पसार झालेली असायची. आपली मुलगी आपल्याशी इतकं मोकळं बोलते याचं श्रेय तो स्वतःच्या आधुनिक विचारांना देत असे. श्रेय फेसाचं होतं. तोंडात फेस असलेला बाप उपदेश करू शकत नाही, हे बुटकीनं फार लहानपणीच हेरलं होतं.

एका सुट्टीच्या दिवशी त्यानं सहज म्हणून घरच्या सकाळचा नकाशा काढला. चार माणसांच्या चार रंगांच्या रेघा. बेसिनपाशी इतकी वर्तुळं जमली की तिथे कागद फाटला. त्यानं तो फाटका कागद बायकोला दाखवला.

“बघ. असं इस्पितळ मी बांधलं असतं तर पेशंट दारातच गेला असता.”

बायकोनं कागद बघितला आणि कणीक मळत म्हणाली, “मला एक खोली हवी. दार असलेली. बाकी तुम्ही काय वाट्टेल ते करा.”

त्या दिवसापासून स्वप्नातल्या घराची आखणी सुरू झाली.

गावाबाहेर जमिनीचा तुकडा मिळाला. कचेरीतून आल्यावर तो जेवायच्या जागेत कागद पसरून बसायचा आणि बाकीचे ताटं मांडीवर घेऊन जेवायचे. प्रत्येकाला त्यानं रीतसर विचारलं, काय हवं. सासूबाईंना जिना नको होता आणि उन्हं हवी होती. बुटकीला गच्चीशी जवळीक हवी होती. बायकोनं पुन्हा दार सांगितलं. त्यानं स्वतःला काही विचारलं नाही. आपल्याला काय हवं ते आपल्याला ठाऊक आहे, अशी त्याची समजूत होती.

गवंडी आला तेव्हा नकाशा उलटासुलटा करून बघत राहिला.

“साहेब, एवढी दारं?”

“प्रत्येकाला बाहेर जायचं आपापलं.”

“आणि चार मोऱ्या? चार बेसिनं?”

“चार माणसं आहेत ना.”

“तेही खरंच,” गवंडी म्हणाला. “माझा मेव्हणा दारं करतो. त्याचं भलं होईल. पण पाहुणा आला तर त्यानं कुठल्या दाराची घंटा वाजवायची?”

वाटाड्यानं पाहुण्याचा विचार केला नव्हता. त्यानं पाहुण्याचीही एक पिवळी रेघ काढली, ती कुणालाच न छेदता बैठकीच्या खोलीत जाऊन संपत होती.

बांधकाम चाललं तेव्हा तो रोज कचेरी सुटली की तिकडे जायचा. ओल्या सिमेंटचा वास छातीत भरून घ्यायचा. अजून भिंती कंबरेएवढ्याच असताना तो बायकोच्या वाटेनं चालून बघायचा, मग सासूबाईंच्या, मग बुटकीच्या. विटांच्या मधून एकटाच फिरणारा हा माणूस बघून मजूर हसत. पण कुठेही टक्कर नव्हती. स्वतःची स्वतःशीच कशी होणार, हा प्रश्न तेव्हा त्याला सुचला नाही.

भिंती त्यानं जाड घेतल्या. बायकोच्या खोलीचं दार भक्कम, लावलं की ‘थप्’ एवढाच आवाज. प्रत्येकाच्या खोलीला लागून मोरी आणि बेसिन, आणि एका कोनाड्यात चहापुरता ओटा, किटली ठेवायला. कुणाला कुणासाठी थांबायला नको. मधोमध जेवणाचं टेबल, चांगलं मोठं, सहा खुर्च्यांचं. ते त्यानं खास करून घेतलं.

राहायला गेले त्या दिवशी सगळ्यांनी घर फिरून बघितलं. सासूबाई आपल्या खोलीत उन्हात बसल्या, मऊ गादीवर हात फिरवला आणि म्हणाल्या, “झकास आहे हो. फक्त नर्स यायची राहिलीये.”

 बायको आपल्या खोलीत गेली आणि दार लावलं. थप्. बऱ्याच वेळानं बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. त्यानं घाबरून विचारलं, “काही चुकलं का?”

“नाही. काहीच नाही चुकलं,” ती म्हणाली. “लग्न झाल्यापासून पहिल्यांदा दार लावून बसले. रडायलासुद्धा जागा लागते हो माणसाला. आता रडायला कारणच उरलं नाही, म्हणून रडले.”

त्याला अभिमान वाटला. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम.

पहिल्या सकाळी तो उठला, आपल्या बेसिनशी गेला, आपल्या अख्ख्या आरशात बघत दात घासले. कुणी ढकललं नाही. पाणी भरपूर. चूळ भरून त्यानं सवयीनं कोपर आवरलं, तेव्हा लक्षात आलं की आवरायची गरज नव्हती. चहा करून घेतला, टेबलाशी बसला. घर शांत होतं. आपल्या नकाशावर एकही वर्तुळ नाही, या समाधानात त्यानं चहा संपवला आणि कचेरीत गेला.

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्याही.

हळूहळू त्याला घरातली माणसं खुणांवरून कळू लागली. फरशीवर ओली पावलं दिसली, म्हणजे बुटकी आंघोळ करून गेली. बागेकडचं दार वाजलं, म्हणजे सासूबाई फिरायला निघाल्या. बायकोच्या दाराखाली उजेड, म्हणजे ती वाचत बसली आहे. जंगलातला शिकारी माग काढतो तसा तो स्वतःच्या कुटुंबाचा माग काढत होता, आणि जनावर दिसत नव्हतं.

बुटकीला दूरच्या शहरात नोकरी लागल्याचं त्याला एका मोठ्या खोक्यावरून कळलं. ते व्हरांड्यात होतं, आणि त्यात तिची हिवाळी कपड्यांची चळत होती.

“हे काय?” त्यानं बायकोला विचारलं. तिच्या दारावर टकटक करून विचारावं लागलं.

“तिची नोकरी नाही का. पुढच्या महिन्यात निघायचं म्हणतेय.”

“कुठली नोकरी?”

बायकोनं पुस्तकातून मान वर केली. “तुम्हाला नाही सांगितलं तिनं? मला वाटलं सांगितलं असेल.”

“कुठे सांगणार? भेटते कुठे ती?”

“मला गच्चीवर भेटली होती, कपडे वाळत घालताना,” बायको म्हणाली. “तुम्ही गच्चीवर येत नाही.”

नव्हताच येत. त्याच्या रेघेला गच्ची नव्हती.

त्यानं मग शहाण्या माणसाला शोभेल असा उपाय केला: सुट्टीच्या दिवशी सगळ्यांना टेबलाशी बोलावलं. सगळे आले. सहा खुर्च्यांत चार माणसं अशी बसली, की जणू मधल्या दोघांची वाट बघत आहेत.

“तर,” तो म्हणाला. “काय चाललंय?”

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं.

“कुणी गेलं का?” सासूबाईंनी हळूच लेकीला विचारलं.

“नाही, आपलं सहज. बुटके, नोकरीचं काय?” त्यानं विचारलं.

बुटकी ताठ बसली. “चांगली आहे, बाबा. काम माझ्या आवडीचं आहे. राहायची सोय होतेय. वाढीला वाव आहे.”

“वा. छान. नीट विचार केलायस ना? कारण असं आहे, की परक्या ठिकाणी माणसानं...” आणि तो बोलत गेला. तोंडात फेस नसल्यामुळे त्याला कुठे थांबावं ते कळेना. जबाबदारी झाली, काटकसर झाली, तब्येत झाली. बुटकी मान डोलावत राहिली, मुलाखतीला आलेला उमेदवार डोलावतो तशी. सासूबाईंचा डोळा लागला. शेवटी त्यालाच आपला आवाज पोकळ खोलीत ऐकू यायला लागला आणि तो थांबला.

“जाऊ मी?” बुटकीनं विचारलं.

आत्ता टेबलावरून, की कायमची, हे विचारायचा धीर त्याला झाला नाही. “हो, जा ना,” तो म्हणाला.

त्या आठवड्यात तो कचेरीत एका नव्या इस्पितळाच्या कागदावर लाल-निळ्या रेघा काढत बसला असताना, एका वर्तुळापाशी त्याची पेन्सिल थांबली. ते त्यानं खोडलं नाही. नुसतं बघत राहिला. शेजारचा म्हणाला, “काय रे वाटाड्या, वाट चुकलास का?” सगळे हसले. तोही हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बेसिनखाली वाकला आणि कॉक फिरवून आपल्या नळाचं पाणी बंद केलं. मग ब्रशला पेस्ट लावली, खांद्यावर टॉवेल टाकला आणि चोरासारखा बुटकीच्या दाराशी जाऊन उभा राहिला. नकाशात या वाटेला रेघ नव्हती.

“बाबा? काय झालं?”

“माझा नळ बंद पडलाय.”

“नवा कोरा नळ?”

“हल्लीचा माल,” तो म्हणाला आणि घाईनं ब्रश तोंडात घातला.

ती थोडी सरकली. आरसा मोठा होता, दोघं ऐसपैस मावत होती, तरी तो आपलं कोपर अंगाशी धरून एका कडेला उभा राहिला. ती काही बोलली नाही. तोही नाही. चूळ भरून निघाला.

असे तीन-चार दिवस गेले. मग एका सकाळी, आरशात त्याच्याकडे न बघता, ब्रश गालात धरून ती म्हणाली, “तिथली घरमालकीण मांजरं पाळते म्हणे. ढीगभर.”

“हं,” तो म्हणाला. घासून झालेले दात त्यानं पुन्हा घासायला घेतले.

हा आनंद फार टिकणार नव्हता, कारण बायको कर्तबगार होती. नळ बंद म्हटल्यावर तिनं प्लंबरला बोलावलं. वाटाड्या कचेरीतून आला तेव्हा प्लंबर त्याच्या बेसिनखाली उताणा पडला होता आणि बायको शेजारी उभी होती. पळायला दारं पुष्कळ होती, पण पाय हलेनात.

प्लंबरनं कॉक फिरवला. पाणी धो धो आलं.

“अहो, काही झालेलं नाही याला,” प्लंबर उठत म्हणाला. “खालून बंद केलेलं होतं. कुणीतरी हातानं...”

तो थांबला. बायकोनं नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्यानं फरशीकडे. फरशी उत्तम बसवलेली होती.

“बंद करा परत,” बायको म्हणाली.

“हां?”

“कॉक बंद करा. याला पार्ट लागेल.”

“कसला पार्ट, ताई? चालू तर आहे.”

“लागेल. असले पार्ट लवकर मिळत नाहीत ना? महिनाभर तरी जातो.”

प्लंबरनं एकदा हिच्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. संसार त्यालाही असावा. “बाजारात नाहीतच सध्या,” तो म्हणाला, आणि कॉक बंद करून हत्यारं गोळा केली.

तो गेल्यावर वाटाड्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पण बायको आपल्या खोलीकडे वळली होती. दाराशी थांबून म्हणाली, “माझ्या दाराचं काही करू नका म्हणजे झालं.” आणि थप्.

महिना चालला तसा गेला. बुटकी रोज थोडं थोडं बोलत होती. मांजरांचं, कामाचं, एका मैत्रिणीचं. सासूबाई एकदा दारावरून जाताना थबकल्या. “अगोबाई! जुनी जागा सोडली ना आपण?” म्हणाल्या, आणि आपल्या उन्हाकडे निघून गेल्या.

निघायला थोडेच दिवस उरले होते. खोक्यांनी तिची खोली भरली होती. आरशात तिचा चेहरा उतरलेला दिसत होता. ती बराच वेळ एकाच दातावर ब्रश फिरवत राहिली.

“बाबा,” ती म्हणाली. “मला नाही जावंसं वाटत.”

त्याचा हात थांबला.

“म्हणजे काम आवडेल मला. पण तिथे कुणीच नाही माझं. तू म्हणालास ना, तर मी नाही म्हणून कळवते त्यांना. अजून जमेल.” आणि ती आरशात सरळ त्याच्याकडे बघत राहिली. असं ती कधी बघत नसे.

फक्त थुंकायचं होतं. फेस थुंकायचा आणि म्हणायचं, नको जाऊस. शब्द घशाशी तयार होते. घर बांधल्यापासून तो तेवढंच म्हणत होता, फक्त आवाज न करता. ती राहिली असती. मग रोजची सकाळ, रोजची मांजरं, पार्ट जन्मात मिळाला नसता. आणि ती इथे, जाड भिंतीआड, आपल्या निळ्या रेघेवरून येत-जात राहिली असती, बापाच्या एका शब्दासाठी सोडलेलं काम आठवत.

तो थुंकला नाही. दात घासत राहिला. खालचे, वरचे, पुन्हा खालचे. पेस्टनं जीभ बधिर झाली, डोळ्यांत पाणी आलं, हनुवटीवरून फेस ओघळला. तरी त्यानं ब्रश काढला नाही.

“हं?” तो म्हणाला.

ती वाट बघत राहिली. मग नजर खाली गेली. तिनं पाणी सोडलं, चूळ भरली, तोंड पुसलं. टॉवेलाआडून तिचा आवाज आला, जरा वेगळाच.

“नाही, म्हणजे, भीती वाटतेच पहिल्यांदा. आजी आठ दिवसांसाठी आली होती, तिलाही वाटली असेल.” ती थोडं हसली. “जाते मी. जाऊन बघते.”

“हंहं,” तो म्हणाला.

ती खोलीबाहेर गेल्यावरच तो बेसिनवर वाकला.

ती गेली त्या दिवशी मोटार आली तेव्हा सगळे अंगणात आले. चारही दारांतून चौघं, पण एकाच वेळी. बुटकीनं आजीला मिठी मारली, आईला मारली. बापापाशी आल्यावर दोघांनाही सुचेना. कोपर कुठे ठेवायचं तेच कळत नव्हतं. मोटार वळणापलीकडे गेली. सासूबाई म्हणाल्या, “चला, चहा घेऊ या,” आणि बागेच्या दारानं आत गेल्या. टेबलाशी जाऊन तो बराच वेळ बसला, पण त्यांनी आपल्या कोनाड्यातच किटली ठेवली होती.

तो आणखी काही दिवस बुटकीच्या बेसिनवरच जात राहिला. मोकळ्या खोलीत चुळेचा आवाज घुमायचा. तिच्या पेल्यात एक जुना ब्रश राहिला होता, केस वाकलेला. तो त्याला हात लावत नसे.

मग एके दिवशी तो कचेरीला निघत असताना बायकोचं दार उघडलं. ती चष्मा केसांवर सारून चौकटीत उभी राहिली.

“अहो, तो पार्ट आला बहुतेक,” ती म्हणाली. बोलण्यात टोमणा नव्हता.

“हो,” तो म्हणाला. “उद्या बसवतो.”

ती दोन पावलं पुढे आली. त्याच्या कॉलरवर पेस्टचा पांढरा डाग होता, तो अंगठ्यानं खरवडला. “वाळलाय,” म्हणाली. हात तसाच क्षणभर कॉलरवर राहिला. मग ती आत गेली. दार लोटल्याचा आवाज आला. थप् मात्र ऐकू आलं नाही. तो थोडा वेळ ऐकत उभा राहिला. मग उशीर होईल म्हणून निघाला.

दुसऱ्या सकाळी त्यानं बेसिनखालचा कॉक उघडला. नळ आधी खोकला, गढूळ थेंब पडले, मग स्वच्छ धार लागली. त्यानं ब्रश ओला केला. अख्खा आरसा त्याच्या एकट्याचा होता. तो त्याच्या डाव्या कडेला उभा राहिला, कोपर अंगाशी धरून, आणि दात घासायला लागला.